महाज्वाला बोर्ड आणि हिरवं पाकीट

कंपनीत तयार झालेला मदरबोर्ड बाजारात जाण्यापूर्वी त्याचं रीतसर मूल्यमापन व्हायला हवं, असा आमच्याकडे नियम आहे. नियम चांगला आहे. तो मीच केला होता. तेव्हा आमची कंपनी तायपेईजवळ शिंतियेनला, नदीच्या अलीकडे, माझ्या बैठकीच्या खोलीत होती. मूल्यमापन म्हणजे बोर्ड हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, सोल्डरिंगचे ठिपके बघायचे आणि वाईट असला तर करणाऱ्याच्या टाळक्यात घालायचा. दोन मिनिटांत निकाल. एकतीस वर्षं मी हेच केलं आणि एकही बोर्ड परत आला नाही. टाळकी पुष्कळ दुखली.

आता कंपनीची स्वतःची इमारत आहे. लिफ्टमध्ये नवाचं बटण आहे, पण मजले आठच; चार हा आकडा आमच्या लोकांना मरणाचा वाटतो, म्हणून तिसऱ्यानंतर एकदम पाचवा मजला येतो. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. या इमारतीच्या हिशेबानं ती इयत्ता नाहीच.

माझा थोरला मुलगा कंपनीचा अध्यक्ष आहे. त्याच्याकडे शिक्के तीन आहेत आणि मत एकही नाही. मूल्यमापनाचं काम 'उच्चश्रेणी मदरबोर्ड सर्वंकष मूल्यमापन समिती' करते. तिचे प्रमुख उपमहाव्यवस्थापक त्साय. आमच्याकडे उपमहाव्यवस्थापक अकरा आहेत. महाव्यवस्थापक कोण, हे शोधायला अजून समिती नेमलेली नाही. हे त्साय साहेब तरुणपणी माझ्या खोलीत बोर्ड पुसायचे. नीट पुसायचे नाहीत, म्हणून पुढे व्यवस्थापनात गेले.

या समितीपुढे बुधवारी सकाळी नऊ वाजता 'महाज्वाला सम्राट परम' नावाचा मदरबोर्ड मूल्यमापनासाठी येणार होता. मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या डब्यातला तो मोठा पत्रा, ज्याच्यावर बाकी सगळं बसतं. हा बोर्ड केला होता माझ्या धाकट्याच्या मुलीनं, पेइ-युननं. नाव तिनं ठेवलेलं नाही. नावं विक्री विभाग ठेवतो आणि त्या विभागात सगळी पुरुषमंडळी आहेत. ती त्याला नुसतं 'बोर्ड' म्हणायची.

तिनं काय केलं होतं, तेही सांगते. वरून एकच काळा पत्रा दिसतो, पण आत तांब्याचे बारा थर होते, एकावर एक, आणि प्रत्येक थरात केसाएवढ्या रेघा. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत जाणाऱ्या सगळ्या रेघांची लांबी अगदी एकसारखी हवी, नाही तर एक निरोप आधी पोचतो, दुसरा नंतर, आणि वेग वाढवला की गोंधळ होतो. तिनं त्यातली एक रेघ अर्धा मिलिमीटर सरकवायला तीन आठवडे घेतले. मी विचारलं, "तीन आठवडे एका रेघेला?" तर म्हणाली, "आजी, ती हलली की बाकीच्या दोनशे हलतात." एकोणीस महिने हे चाललं होतं. तेवढ्या काळात तिच्या मैत्रिणींची लग्नं झाली, दोघींचे घटस्फोटही झाले.

शुक्रवारी पाचच्या आत समितीचं प्रमाणपत्र मिळालं, तर मंगळवारी तायपेईच्या संगणक प्रदर्शनात तो बोर्ड मांडला जाणार आणि त्याच्याशेजारी पेइ-युन उभी राहणार. नाही मिळालं, तर त्साय साहेबांच्या भाच्याचा दोन वर्षांपूर्वीचा बोर्ड लाल रंग देऊन मांडला जाणार आणि पेइ-युनची बदली माउसपॅड विभागात होणार. माउसपॅड विभाग तळघरात आहे. तिथे गेलेलं माणूस परत वर आलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांचे जेवणाचे डबेसुद्धा दोरीनं खाली सोडतात, असं ऐकते.

परीक्षा दोनच होत्या. पहिली, ओव्हरक्लॉकिंग: प्रोसेसर करणाऱ्यांनी जो वेग नेमून दिलेला असतो, त्याच्यापेक्षा तो किती जास्त पळवता येतो. म्हणजे शिस्तीत चालणाऱ्या माणसाला चाबूक मारून पळवायचं आणि तो तापला की त्याच्या डोक्यावर थंडगार नायट्रोजन ओतायचा. दुसरी, विस्तार: पुढेमागे आणखी कार्डं बसवायची झाली तर बोर्डावर स्लॉट किती. म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या किती. पेइ-युननं सात ठेवल्या होत्या.

मी बुधवारी सकाळी सहाला पेज पिऊन निघाले आणि वाटेत दुकानातून हिरवं पाकीट घेतलं. आमच्याकडे मशीन वेडंवाकडं वागू नये म्हणून त्याच्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचं पाकीट ठेवतात, नारळाच्या चवीचं. बँकेत ठेवतात, रेल्वेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात. पाकीट हिरवंच हवं. पिवळं ठेवलं की मशीन रुसतं. मुदत संपलेली चालत नाही. आणि ठेवलेलं पाकीट फोडायचं नाही, खायचं तर अजिबात नाही. परदेशात डॉक्टरेट करून आलेले इंजिनिअर याला हसतात आणि मग खालच्या दुकानात जाऊन दोन आणतात.

नऊची चाचणी सव्वा वाजता सुरू झाली. सातव्या फॉर्मवर त्साय साहेबांची सही नव्हती आणि सही करायचं पेन आठव्या फॉर्मवर मागवायचं होतं.

चाचणी घेणारा आ-हुई. पन्नाशीचा, गोल, शांत माणूस; नायट्रोजनचा थर्मास असा धरतो की चहाच देतोय. मी त्याच्या हातात पाकीट दिलं.

"मुदत बघितलीत ना, काकू?"

"अरे, तुझ्या लग्नाला आले होते तेव्हा मुलगी बघितली होतीस का तू?"

"म्हणून तर विचारतो," म्हणत त्यानं मागची तारीख वाचली, पाकीट मशीनशेजारी सरळ उभं केलं, हात जोडले आणि बटण दाबलं.

वेग चढत गेला. पाच, सहा, सात. वाफेनं टेबल दिसेनासं झालं. पेइ-युन माझ्या दंडाला धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. पास व्हायला आठ गिगाहर्ट्झ लागत होते. काटा आठ पूर्णांक दोनला जाऊन थांबला आणि थांबूनच राहिला. आ-हुईनं थर्मास खाली ठेवला. "काकू," तो म्हणाला, "आजवर मी पळवलेल्या बोर्डांत एकही असा शांत नव्हता."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण फॉर्म भरायचा राहिला होता.

फॉर्म भरणाऱ्या फांगबाई फार प्रामाणिक आहेत. कंपनीतली निम्मी संकटं त्यांच्यामुळे येतात. एकतिसावा रकाना होता, 'चाचणीसमयी यंत्रापासून हातभर अंतरातील समस्त वस्तू'. तो आजवर कुणी भरला नव्हता. फांगबाईंनी लिहिलं: खाऊचे पाकीट, हिरवे, नग एक.

त्साय साहेबांनी चष्मा लावला.

"हे काय?"

"पाकीट, साहेब," आ-हुई म्हणाला. "नेहमीचं."

"नेहमीचं असेल. कागदावर पहिल्यांदाच आलंय." त्यांनी चष्मा काढला. "प्रश्न असा, की आठ पूर्णांक दोन हा निकाल बोर्डाचा की पाकिटाचा?"

पेइ-युन म्हणाली, "सर, पाकिटाला वायर तरी लावलीय का?"

"बाळ, पदोन्नतीलाही वायर लावलेली नसते. तरी परिणाम होतोच ना?"

समितीनं ठरवलं, पाकीट दोन हात लांब ठेवून पुन्हा चाचणी घ्यायची. आ-हुईनं थर्मास दूर सारला आणि हात मागे बांधले.

"मी बटण दाबणार नाही. मला बायको आहे."

"मग दुसरं कुणी दाबा," त्साय साहेब म्हणाले. खोलीत सहा उपमहाव्यवस्थापक होते. एकाला फोन आला. दोघांना एकच फोन आला. उरलेले तिघं नियमावली चाळू लागले.

"अरे त्साय," मी म्हटलं, "तूच दाब की."

"काकू, प्रमुखानं बटण दाबलं तर आढावा कोण घेणार?"

शेवटी आ-हुईला लेखी आदेश निघाला, की बटण त्यानं दाबलं तरी ते समितीनं दाबलं असं समजण्यात येईल. त्यानं डोळे मिटून दाबलं. डोळे मिटलेलेच ठेवून नायट्रोजन ओतला. निम्मा टेबलावर गेला, टेबलाखालच्या वायरीच्या डब्यात शिरला, आणि चार पूर्णांक नऊवर फट् आवाज होऊन अख्ख्या मजल्याची वीज गेली.

अंधारात त्साय साहेबांचा आवाज आला: "लिहा. पाकिटाशिवाय नापास."

"अहो सर, फ्यूज उडाला!" पेइ-युन ओरडली. "त्यांनी टेबलावर ओतलं!"

"फांगबाई, कारणासाठी रकाना आहे?"

"नाही, साहेब. निकालासाठी आहे."

गुरुवारी सकाळी समितीचा निष्कर्ष आला. मी तो जपून ठेवलाय. 'सबब सदर पाकीट हे बोर्डाच्या कार्यक्षमतेस आवश्यक असल्याचे सिद्ध झाल्याने त्यास सुटा भाग मानण्यात यावे व त्याचे स्वतंत्र मूल्यमापन करण्यात यावे.' थोरल्यानं तीन शिक्के मारून दिले. मी विचारलं, "वाचलंस का?" तर म्हणाला, "आई, वाचून मारायचे असते तर तीन कशाला लागले असते?"

सुटा भाग म्हटलं की त्याला बोर्डावर जागा हवी. लटकणारा भाग नियमात बसत नाही. मग पाकीट हे विस्ताराचं साधन ठरलं आणि सातपैकी एक स्लॉट पाकिटाला द्यायचं ठरलं. पेइ-युनला बोलावून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सातवा स्लॉट? त्याच्या रेघांना मला दोन महिने लागलेत."

"म्हणूनच तो निवडला," त्साय साहेब म्हणाले. "पाकिटाला निकृष्ट स्लॉट देऊन चालणार नाही."

मी तिला जिन्यात नेलं.

"आजी, मी राजीनामा देते."

"दे. त्सायचा भाचा लाल बोर्ड घेऊन तयारच उभा आहे. शुक्रवारला एक दिवस आहे, तोवर गप राहायचं. मला एकोणिसाव्या वर्षी सासरी सांगितलं होतं, सोल्डरिंग बायकांचं काम नाही. मी गप राहिले. आज त्यांची नातवंडं माझ्याकडे कामाला आहेत."

सुटा भाग म्हटलं की त्याची हमी हवी. बोर्डाची हमी तीन वर्षांची. पाकिटाच्या पाठीवर नऊ महिन्यांची मुदत. एक भाग मेला की बाकीचा कसा जगेल? म्हणून बोर्डाची हमी नऊ महिन्यांची करण्यात आली. त्या दिवशी पहिल्यांदा अकराही उपमहाव्यवस्थापकांचं एकमत झालं.

आणि सुटा भाग म्हटलं की वजन हवं. फांगबाईंनी सोन्याच्या दुकानात असतो तसा काटा आणला आणि पाकीट ठेवलं. काट्यानं चार दाखवलं. चार ग्रॅम.

मी छताकडे पाहायला लागले.

इथे वाचकांना एक सांगायला हवं, जे समितीला अजून सांगितलेलं नाही. बुधवारी सहाच्या पेजेवर मी सव्वा वाजेपर्यंत बसले होते. म्हातारं पोट आहे, त्याला सातवा आणि आठवा फॉर्म कळत नाही. अकराच्या सुमाराला मी पाकीट घेऊन बाथरूममध्ये गेले, वरची शिवण नखानं उकलली, सगळा खाऊ खाल्ला, तोंडानं हवा भरली आणि येताना दुरुस्तीच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न कागदावरून फिरवून शिवण परत बसवली. एकतीस वर्षांचा हात आहे. मलाही सांधा सापडला नसता. मशीन रुसेल असं क्षणभर वाटलं. पण मी म्हटलं, मशीनला माहीत आहे कंपनी कुणाची ते.

म्हणजे बोर्ड पळाला तेव्हा शेजारी होती फक्त माझी फुंकर.

फांगबाईंचं पेन थांबलं होतं. "साहेब, चार हा आकडा मी नाही लिहिणार. घरी म्हातारे सासरे आहेत."

'तीनपेक्षा जास्त व पाचपेक्षा कमी' असं लिहिण्यात आलं. आणि खरेदी विभागाला हुकूम सुटला, याच वजनाची पाकिटं पहिल्या तुकडीसाठी तीनशे नग, शुक्रवारी तीनपर्यंत. खरेदी विभागानं शिंतियेनमधली सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक पाकीट बावन्न ग्रॅम. तीनशेच्या तीनशे नापास.

"बाजारात सगळा बनावट माल आलाय," एक उपमहाव्यवस्थापक म्हणाले.

त्साय साहेब बराच वेळ विचार करत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तीस वर्षांत तिथे पाहिलं नव्हतं. विचार आला होता. "बनावट नाही. ही साधी पाकिटं आहेत. काकूंचं पाकीट हलकं आहे. वेग वाढवायचा तर वजन कमी हवंच! रेसच्या घोड्यावर जाडा माणूस बसवतात का?"

टाळ्या झाल्या. 'जड पाकिटे मंद असतात' हे वाक्य त्याच दुपारी भिंतीवर लागलं.

पेइ-युननं हात वर केला. "सर, एकदा फोडून बघितलं तर?"

खोलीतला वारा थांबला. आ-हुई दारातून म्हणाला, "ताई, या इमारतीत नऊशे मशीनं चालू आहेत." तिनं हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी अजून छताकडेच पाहत होते. माझी नात हुशार आहे. तिनं छत पाहिलं, मग मला पाहिलं, मग माझ्या कालच्याच ब्लाउजवरचा मक्याचा कण पाहिला. तिनं तोंडावर हात दाबला आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली.

"त्साय," मी म्हटलं, "हलकी पाकिटं मी देते. माझ्या ओळखीचं ठिकाण आहे. पण विचारायचं नाही."

"काकू, तुम्हाला कधी विचारलंय का आम्ही काही?"

हे मात्र खरं होतं.

शुक्रवारी सकाळी मी माझ्या जुन्या चार मैत्रिणींना गच्चीवर बोलावलं. बैठकीच्या खोलीत माझ्या शेजारी सोल्डरिंग करायच्या त्या. गच्चीवर भूमिदेवाचं छोटं देऊळ आहे. त्याच्यासमोर चटया टाकल्या, पाच सोल्डरिंग आयर्न लावली आणि तीनशे पाकिटांचे खोके मधे ठेवले. हिशेब केला तर आम्हा पाच जणींना जवळजवळ पंधरा किलो खाऊ उपसायचा होता.

आ-ह्वानं पहिलं पाकीट उघडून मूठभर खाऊ तोंडात टाकला. "आमच्या हिला काय वाटलं, दात परत आले आपले?"

"खाऊ नकोस सगळं, जमा कर पिशवीत."

"मग मला कशाला बोलावलंस? आणि हे पाप कुणाच्या नावावर?"

"पाकीट मशीनवर ठेवल्यावर फोडलं तर पाप. ही अजून ठेवलीच कुठेत? देवासमोर बसून काम करतोय. त्याला काही म्हणायचं असेल तर म्हणेल."

आ-ह्वानं देवासमोर कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकले. एक पालथा, एक उताणा: चालेल. "बघा बाई," ती म्हणाली, "देवाचीसुद्धा पहिल्यांदाच सही लवकर मिळाली." तिनं एक मूठ खाऊ त्याच्यापुढेही ठेवला, आणि मग आम्ही कामाला लागलो. उकल, ओत, फुंक, शिव. बोलायला कुणाला तोंड मोकळं नव्हतं. दीडपर्यंत तीनशे पाकिटं तयार झाली, प्रत्येक तीनपेक्षा जास्त आणि पाचपेक्षा कमी.

उरला पंधरा किलो खाऊ. टाकायचा कसा? आम्ही तो परातींत काढला, वरून शेंगदाणे आणि मिरची घातली आणि समितीच्या बैठकीत चहाबरोबर ठेवला. सहाजणांनी ओंजळी भरून खाल्ला.

"काकू, चविष्ट आहे हो," त्साय साहेब म्हणाले. बोटं चाटून त्यांनी सही केली. "कुठला?"

"घरचाच. हलका आहे म्हणून दिला."

चार पन्नासला प्रमाणपत्र निघालं. त्यात आकडा असा लिहिलाय: दहा मिनिटे कमी पाच.

पेइ-युननं ते दोन्ही हातांनी धरून वाचलं. 'महाज्वाला सम्राट परम (पाकीट-सज्ज). ओव्हरक्लॉकिंग: उत्कृष्ट, पाकिटामुळे. विस्तार: उत्कृष्ट, पाकिटासाठी. संकल्पना: समिती. सहकार्य: कु. पेइ-युन, पाकिटाच्या स्लॉटची जागा मोकळी करून दिल्याबद्दल.'

ती पुन्हा वाचायला लागली. मग कागद उलटून बघितला. मागे काही नव्हतं.

"आजी, माझं काम कुठाय यात?"

"आत आहे. तांबं कधी वर दिसतं का? मंगळवारी तू त्याच्याशेजारी उभी राहणारेस. लोक विचारतील, तू सांग."

मंगळवारी तिनं नवीन बूट घातले. प्रदर्शनात आमच्या टेबलापुढे तीन रांगा लागल्या. सगळे सातव्या स्लॉटमध्ये उभं केलेलं हिरवं पाकीट बघत होते, फोटो काढत होते, एकानं तर त्याच्यावर दिवा सोडून, कॅमेरा लावून अर्धा तास पाकिटाचंच भाषण केलं आणि ते चार लाख लोकांनी पाहिलं. चार लाख आकडा फांगबाईंनी नोंदवला नाही. दुपारपर्यंत समोरच्या टेबलावरच्या कंपनीनं त्यांच्या बोर्डाला गुलाबी पाकीट चिकटवलं. साडेतीनला त्यांचा बोर्ड बंद पडला. तो पाकिटामुळे पडला असं मी म्हणत नाही. त्साय साहेब म्हणाले, माईकवरून.

एकच चष्मेवाला गृहस्थ पेइ-युनच्या पुढे थांबला आणि म्हणाला, "हा बोर्ड एवढा वेग कसा पेलतो?" तिचा चेहरा उजळला. तिनं त्याला थर दाखवले, रेघा दाखवल्या, ती एक अर्ध्या मिलिमीटरची रेघ दाखवली. तो पंधरा मिनिटं मान हलवत ऐकत होता. शेवटी डायरी काढली.

"आणि पाकीट सुटं मिळेल का?"

सहा हजार बोर्ड विकले गेले. आम्हा पाच जणींना कंपनीनं परत नोकरीवर घेतलं, 'हलकेकरण विभाग' म्हणून, गच्चीवर, देवाशेजारी. त्साय साहेब आता अकरांतले एक नाहीत, पहिले उपमहाव्यवस्थापक आहेत. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकांना पत्रं पाठवून विचारलं, सात स्लॉटपैकी किती वापरता? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच: दोन. एकात कार्ड, एकात पाकीट. वेगाचं काय करता, असंही विचारलं होतं. पत्ते खेळतो, असं बहुतेकांनी लिहिलं. एकानं लिहिलं, पत्ते फार झटकन पडतात, जरा हळू करता येईल का?

पेइ-युन तळघरात गेली नाही. ती पाचव्या मजल्यावरच आहे, नवीन बोर्ड करते आहे. परवा मी तिच्या टेबलापाशी बसले होते, तर म्हणाली, "आजी, तू लिहून काढ सगळं. पाकीट रिकामं होतं, हे समितीला कळलं नाही तरी चालेल. पण बोर्ड कशानं पळाला, ते कुणाला तरी एकदा कळू दे."

"माझं कोण वाचणार?"

"वाचणारे हुशार असतात, आजी. ते समितीत नसतात."

म्हणून लिहिलं. तिच्या शब्दाखातर तुम्हालाही विचारून घेते. परीक्षा छोटी आहे. पाकिटाचा रंग कोणता? बघा, लगेच आलं. वजन? तेही आलं, आणि चवसुद्धा सांगाल. आता सांगा, माझ्या नातीनं एकोणीस महिने खपून त्या बोर्डात तांब्याचे थर किती घातले होते?

नाही, कागद मागे उलटू नका. त्साय साहेबही असेच उलटतात. समितीत एक खुर्ची रिकामी आहे, उद्या सकाळी नऊला या. सव्वा वाजता सुरू होईल.